वाकड्या चोचीचे घरटे

डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात एक सुगरण पक्षी राहत होता. नाव ऐकून फसू नका, मुलांनो. घरटे विणतो तो सुगरणीचा नर. मादी नंतर येते, आत डोकावते, एकेक दोरा ओढून बघते आणि पसंत पडले तरच राहते. नाही तर भुर्रकन शेजाऱ्याकडे! त्यामुळे आषाढ लागला की सगळ्या नरांची नुसती धांदल उडते. गवताच्या पात्याला चोचीने खाच पाडायची, टोक धरून उडायचे, की लांबच लांब पट्टी निघते. ती फांदीला गुंडाळायची, गाठ मारायची आणि पुन्हा दुसऱ्या पट्टीसाठी पळायचे. अर्धे घरटे झाले की मादीला बोलवायचे आणि तिने मान हलवली की उरलेले अर्धे पुरे करायचे, अशी त्यांची रीत.

आपल्या या पक्ष्याची चोच मात्र जन्मापासून जराशी वाकडी होती. वरचा भाग डावीकडे झुकलेला, खालचा उजवीकडे. त्यामुळे पट्टी धरली की निसटायची. इतरांची गाठ तिळाएवढी पडे, याची वाटाण्याएवढी. एवढेच हो, याहून जास्त काही नाही. अंगाने तो चांगला धडधाकट होता आणि डोक्यावरचा पिवळा रंग तर हळदीसारखा झळझळीत होता. पण पाण्यात वाकून बघितले की त्याला दिसे ती फक्त चोच.

त्या डोंगरात फार जुनी लेणी होती. पूर्वी तिथे बौद्ध भिक्खू राहत. लेण्याच्या दाराशी खडकात खोदलेले पाण्याचे टाके होते, त्याला पोढी म्हणत. पोढीवर एक शिंदीचे झाड वाकलेले होते आणि त्या झाडावर पंधरावीस सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. सगळ्यांची घरटी पाण्यावर झुलत असायची. एकाचेच नसायचे. का, ते सांगतो.

आपला पक्षी घरटे विणायला बसे. आधी गवताचे गोल कडे तयार होई, मग वरचा घुमट तयार होई. मग तो चार पावले मागे सरून बघे आणि एखादी फुगीर गाठ दिसली की त्याच्या छातीत धस्स होई. "शी! काय हे ध्यान! कुणी बघितलं तर काय म्हणेल?" असे स्वतःशी पुटपुटत तो चोचीने सगळे घरटे टराटरा फाडून टाकी. एका गाठीसाठी चार दिवसांची मेहनत पाण्यात जाई, आणि ही अगदी खरीखुरी गोष्ट, कारण खाली पोढीच होती. शेजारच्या फांदीवरचा एक चतुर पक्षी त्याची वाटच बघत असे. "फाडतोस ना? चांगल्या पट्ट्या इकडे दे, फेकू नकोस," असे म्हणून तो आयता माल घेऊन जाई.

या सगळ्यात एक मादी रोज त्या झाडावर येत असे. कुणास ठाऊक का, पण तिला आपला पक्षी आवडला होता. त्यालाही ती आवडली होती. इतकी, की ती दिसली की त्याची चोच आणखीच थरथरायची. तीनदा ती त्याच्या फांदीवर घरटे बघायला आली आणि तीनही वेळा तिला फांदीवर नुसत्या लोंबत्या चिंध्या दिसल्या.

"घरटं कुठंय रे?" तिने तिसऱ्या खेपेला विचारले.

"होतं. म्हणजे सकाळपर्यंत होतं," तो मान खाली घालून म्हणाला. "पण तुला दाखवण्यासारखं नव्हतं."

तिने एक लोंबती चिंधी ओढून बघितली. मग म्हणाली, "हे बघ, श्रावण सरत आला. भाद्रपद लागला की गवत राठ होतं, मग पट्टी निघत नाही. मला अंडी घालायची आहेत. माणसांच्या बैलांचा पोळा होईपर्यंत मी थांबते. त्यानंतर मिळेल त्या घरट्यात जाईन. मला फार वाईट वाटेल, पण जाईन."

ती उडून गेली आणि आपला पक्षी जिवाच्या आकांताने पाचवे घरटे विणायला लागला. घाईत गाठी आणखीच फुगल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने तेही फाडले. फाडता फाडता तो रडत होता.

"अरे ए! पुरे की आता!" खालून कोणीतरी ओरडले. पाण्यात एक म्हातारे कासव होते आणि त्याच्या पाठीवर हिरव्या पट्ट्यांचा ढीग साचला होता. "महिनाभर माझ्या पाठीवर गवत पडतंय. बेडूक मला बेट समजून वर चढायला लागलेत. एवढा कसला राग आलाय तुला?"

पक्षी खाली उतरून काठावर बसला. "आजोबा, राग माझाच येतो मला. माझी चोच वाकडी, माझ्या गाठी वाकड्या. आत सारखं कोणीतरी ओरडत असतं, 'तुला काही जमत नाही.' ते ओरडलं की घरटं फाडल्याशिवाय राहवत नाही."

"हं," कासव म्हणाले. "आणि फाडल्यावर ते गप्प बसतं का?"

पक्ष्याने विचार केला. "नाही. मग म्हणतं, 'बघ, घरटंही फाडलंस.'"

"म्हणजे तू त्याची चाकरी करतोस आणि ते तुला शाबासकीही देत नाही. बस इथे. डोळे मीट. श्वास आत आला की 'आत आला' एवढं जाण. बाहेर गेला की 'बाहेर गेला' एवढं जाण. मधेच ते आतलं ओरडायला लागलं तर 'हां, ओरडतंय' एवढंच जाण आणि पुन्हा श्वासाकडे ये. त्याच्याशी भांडू नको आणि त्याचं ऐकून उठूही नको."

पक्षी बसला. एक श्वास झाला, दोन झाले, आणि तिसऱ्याला त्याचे मन थेट शेजाऱ्याच्या सुबक घरट्यात जाऊन पोहोचले. त्याने दचकून डोळे उघडले. "नाही जमत, आजोबा! मला साधा श्वाससुद्धा धड बघता येत नाही!"

कासव इतके हसले, की त्याच्या पाठीवरचे दोन बेडूक पाण्यात पडले. "वा रे पठ्ठ्या! आता श्वासालाही नापास केलंस! ऐक. मी लहान असताना इथे एक म्हातारे भंते वर्षावासाला आले होते. पावसाचे तीन महिने हिंडायचं नाही, एका जागी राहून ध्यान करायचं, असा भिक्खूंचा नियम. ते रोज या काठावर मांडी घालून बसायचे. मला वाटायचं, यांचं मन या पोढीच्या पाण्यासारखं, जराही हलत नसेल. एकदा गावातल्या एका बाईने भिक्षा वाढताना विचारलं, 'भंते, तुमचं मन कधीच भटकत नसेल ना?' भंते खो खो हसले. म्हणाले, 'सकाळपासून शंभरदा भटकलं, आणि शंभरदा त्याला परत आणलं. पण बाळाला आणतात ना, तसं हाताला धरून आणलं. कानाला धरून नाही.'"

"हाताला धरून," पक्षी हळूच म्हणाला. त्याला ते शब्द आवडले. पण लगेच त्याचा चेहरा पडला. "मला नाही येत असं प्रेमाने बोलता."

"खोटं बोलू नको. परवा वाऱ्याने पलीकडच्या फांदीवरच्याचं घरटं पाण्यात पडलं. तो काठावर बसून रडत होता. तू त्याच्याजवळ येऊन काय म्हणालास? मी इथेच होतो, ऐकलंय सगळं."

पक्ष्याला आठवले. "मी म्हणालो, 'असू दे गड्या. आधी पाणी पी, मग बघू.'"

"मग हे स्वतःला म्हणायला तुला कोणी बंदी केली आहे का? भंते रोज बसण्याआधी म्हणायचे, 'माझं मंगल होवो, सगळ्यांचं मंगल होवो.' मला वाटायचं, आधी स्वतःचं कशाला म्हणतात? मग उमगलं. सगळ्यांमध्ये आपणही आलोच की. स्वतःला तेवढं बाहेर उभं करून कसं चालेल?"

 पक्षी पाण्याकडे वाकला. पाण्यात तीच वाकडी चोच होती. आतून आवाज आलाच, "काय हे ध्यान!" पक्ष्याने श्वास घेतला. हां, ओरडतंय. मग तो स्वतःच्या प्रतिबिंबाला म्हणाला, "असू दे गड्या. आधी पाणी पी, मग बघू." आणि खरोखरच तो पोटभर पाणी प्यायला. किती दिवसांनी त्याला पाण्याची चव कळली!

पोळ्याला आता आठच दिवस होते. पक्ष्याने सहावे घरटे सुरू केले. रोज सकाळी तो आधी काठावर बसे, श्वास बघे आणि मग गवत आणायला जाई. गाठी काही बारीक झाल्या नाहीत, मुलांनो. चोच तीच होती ना! आतले ओरडणेही थांबले नाही. दिवसातून दहा वेळा त्याची चोच घरटे फाडायला पुढे येई. मग तो थांबे, श्वास घेई, पाणी पिऊन येई, आणि आल्यावर पुढची गाठ मारी. कधी कधी पाणी पिऊन पिऊन त्याचे पोट टम्म फुगे, पण घरटे शाबूत राही. चतुर शेजारी वाट बघून कंटाळला आणि शेवटी आपले गवत आपण आणायला लागला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी अर्धे घरटे तयार झाले. कडे, घुमट, वाऱ्यात घरटे फार हलू नये म्हणून आत लावलेले चिखलाचे दोन गोळे, सगळे जागच्या जागी. मादी समोरच्या बाभळीवर येऊन बसली. पक्ष्याने पंख फडफडवून तिला बोलावले, आणि नेमका तेवढ्यात वारा सुटला. शिंदीच्या झावळ्या सपासप आपटू लागल्या. वारा थांबला तेव्हा घरट्याची एक बाजू उसवून खाली लोंबत होती.

"गेलं!" शेजारी ओरडला. "आता सगळं फाडणार! मी येतोच पट्ट्या न्यायला."

पक्षी पुतळ्यासारखा उभा राहिला. ती समोर बसली होती. सगळे झाड बघत होते. आतला आवाज एवढ्या जोराने ओरडला, की त्याचे कान बधिर झाले. "फाड! ती बघायच्या आत फाडून टाक!" चोच पुढे गेली. चोचीने उसवलेले टोक पकडले. आता एक हिसका, की सगळे संपले.

पक्ष्याने श्वास घेतला. आत आला. बाहेर गेला. छाती धडधडत होती, तेही त्याला कळले. तो स्वतःशी म्हणाला, "असू दे गड्या."

पाणी प्यायला जायला वेळ नव्हता. त्याने चोचीतले ते टोक ओढले नाही. ते वर नेऊन कड्याला गुंडाळले आणि गाठ मारली. वाटाण्याएवढी, फुगीर, सगळ्यांना लांबून दिसेल अशी गाठ. मग दुसरी मारली, मग तिसरी. उसवले होते तेवढेच त्याने शिवले. बाकीच्याला चोचही लावली नाही.

शेवटची गाठ मारून त्याने मान वळवली, तर मादी त्याच्या शेजारी येऊन बसली होती.

"गाठी जरा मोठ्या आहेत," तो म्हणाला. या वेळी त्याने मान खाली घातली नाही.

"दिसतंय मला," ती म्हणाली. मग आत शिरली, दोरे ओढून बघितले, चिखलाच्या गोळ्यांवर टकटक केली आणि बाहेर डोकावली. "मी राहते इथे."

पक्ष्याला वाटले, आपण चुकीचे ऐकले. "पण त्या शेजाऱ्याचं घरटं तर याहून कितीतरी सुबक आहे!"

"आहेच. मी आंधळी नाही." ती हसली. "पण मला गाठींची भीती कधीच नव्हती रे. मला भीती तुझी वाटत होती. एक गाठ फुगली म्हणून तू अख्खं घरटं फाडायचास. मनात यायचं, उद्या आपल्या एखाद्या पिल्लाचं काही वाकडं निघालं, तर हा त्याचं काय करील? आज बघितलं. तू उसवलेलं शिवलंस. आता मला भीती नाही."

ते ऐकले आणि आपल्या पक्ष्याने इतका लांब श्वास सोडला, की जणू तो आषाढापासून कोंडून ठेवला होता. त्याला एकदम हायसे वाटले. अंग हलके झाले. काही न सुचून तो झाडाभोवती तीन घिरट्या घालून आला. खाली पोढीत कासवाने हळूच मान आत घेतली. आता त्याच्या पाठीवर गवत पडणार नव्हते, त्यामुळे त्यालाही हायसेच वाटले असणार.

गवत राठ व्हायच्या आत उरलेले अर्धे घरटेही पुरे झाले आणि भाद्रपदात तीन पिल्ले निघाली. दोघांच्या चोची सरळ होत्या. तिसऱ्याची वरची चोच डावीकडे आणि खालची उजवीकडे झुकलेली होती. पंख फुटल्यावर एक दिवस ते पिल्लू गवताची पट्टी घेऊन खेळायला लागले. पट्टी दहा वेळा निसटली. पिल्लाने ती पाण्यात फेकून दिली आणि ते फुरंगटून बसले. "बाबा, माझी चोच वाकडी आहे!"

"हो, आहे," पक्षी म्हणाला. "माझीही आहे. असू दे गड्या. आधी पाणी पी, मग तुला वाटाण्याएवढी गाठ शिकवतो."

तात्पर्य : मनाने आपल्याला नावे ठेवली तर भांडू नये आणि घाबरूही नये, शांतपणे श्वासाकडे परतावे आणि मित्राला देतो तोच धीर स्वतःलाही द्यावा. ज्याला स्वतःचे उणेपण मायेने सांभाळता येते, त्याच्यापाशी दुसऱ्यालाही न भिता राहता येते.