करंगळीपाशी चीर

"ही चीर कुणी मारली?"

शाल्मलीचा हात थांबला. रापीच्या पात्याचं टोक डाव्या जोड्यावरच्या पांढऱ्या खुणेवर टेकलं होतं. आणखी एक श्वास गेला असता तर चामडं उघडलं असतं.

"अजून मारली नाही, वस्ताद. आता मारतेच आहे."

"तुझी न्हाई. त्या नकाशातली."

समोर कागद पसरलेला होता. दूर देशातल्या एका पडक्या किल्ल्याच्या विहिरीत गाळाखाली रुतून बसलेला रोमन माणसाचा जोड, दोन हजार वर्षांत न कुजलेला. त्याची चित्रं, त्याची मापं, आणि डाव्या जोड्यावर करंगळीपाशी एक चीर. इथल्या संग्रहालयाला हुबेहूब तसा जोड हवा होता, हाती शिवलेला. शाल्मली पुरातत्त्व शिकलेली. आरी कशी धरतात ते मात्र तिला माहीत नव्हतं. ते शिकायला नऊ महिने ती कोल्हापूरच्या या दुकानात मल्लू वस्तादांपुढे मांडी घालून बसली होती.

संग्रहालयाचे सरदेसाई पाच वाजता जोड न्यायला येणार होते. वस्ताद हो म्हणाले तर. आणि हो म्हणाले तर पुढचे अकरा जोडही शाल्मलीच्याच हातचे, असं ठरलं होतं.

साडेचार वाजले होते.

"ज्यानं जोड केला त्यानंच मारली असणार," ती म्हणाली.

"कशापायी?"

"नक्षी असेल… तेव्हा तशी पद्धत असेल."

"डाव्यालाच पद्धत? उजव्याला न्हाई?"

नऊ महिन्यांत या प्रश्नाला तिनं हातच घातला नव्हता. कागदावर होती म्हणून चीर होती. पण गप्प बसणं तिला जमायचं नाही.

"मी टाके मोजलेत, वस्ताद. सगळे. सातव्या टाक्याला त्या माणसाचा हात घसरलाय. तो टाकासुद्धा मी तसाच वाकडा घातलाय."

बोलून झाल्यावर तिला वाटलं, हे जरा जास्तच झालं.

"चूकबी शिवलीस म्हन."

"हो."

"शाबास."

वस्तादांची शाबासकी ज्याला मिळे, त्याचं काम बहुधा उसवावं लागे. शाल्मलीनं रापी खाली ठेवली.

वस्तादांनी तिच्या हातातून डावा जोडा काढून घेतला. लेंगा वर सारला, पाय आत घातला, वाद्या ओढून बांधल्या. मग तो पाय तिच्या मांडीवर ठेवला. तळाचे लोखंडी खिळे साडीतून टोचले.

"सांग. कुठं दुखतंय?"

"मला कसं कळणार? पाय तुमचा आहे."

"पाय माझा हाय. कळायचं माझं बंद झालंय."

हे दुकानातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. नऊ वर्षांची साखर. घोट्याच्या खाली काही जाणवत नसे. मागच्या वर्षी तळव्यात खिळा रुतला, तो त्यांना चटईवरचं रक्त बघून कळला. आणि उजव्या पायाचं एक बोट दवाखान्यात ठेवून यावं लागलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता ओरखडासुद्धा नको. वस्तादांची सून रोज संध्याकाळी बॅटरी घेऊन सासऱ्याचे तळवे तपासायची.

"रापी घे," वस्ताद म्हणाले.

"जोडा काढा आधी."

"पायातच असू दे. मार चीर."

"वस्ताद, नाही. हे नाही जमणार मला."

"कागदावरचा मिलिमीटर जमतोय की."

"लागलं तर?"

"मला कळणार न्हाई."

"तेच म्हणतेय मी…"

"म्हनून तर तुला सांगतोय."

शाल्मलीच्या घरी दीड वर्षाची लेक होती. तिची नखं कापायची वेळ आली की शाल्मली नेलकटर नवऱ्याच्या हातात द्यायची आणि स्वतः खिडकीतून बाहेर बघत बसायची. असल्या बाईच्या हातात ही रापी, आणि मांडीवर हा पाय. तिनं वस्तादांकडे पाहिलं. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते, न्हाव्यापुढे बसल्यासारखे.

तिनं रापी उचलली. पांढऱ्या खुणेवर टेकवली.

टोक दाबणार, तेवढ्यात तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं डाव्या हाताचा अंगठा चामड्यावरून फिरवला. खुणेखाली चामडं सैल होतं. खाली काहीच नव्हतं. अंगठा मागं सरकला. दोन बोटं मागं, चामडं ताणून ढोलकीसारखं झालेलं. आत करंगळीचं हाड बाहेर आलेलं, गरम.

"इथं," ती म्हणाली.

"काय हितं?"

"इथं दुखतंय."

वस्तादांनी मान हलवली नाही.

"पण खूण पुढं आहे, वस्ताद. नकाशात पुढं आहे. इथं मारली तर जोड चुकेल. ते सरदेसाई पट्टी घेऊन येतात. दुसरं चामडं नाही आपल्याकडे. या जाडीचं नाही. काय करू?"

"रापी कुणाच्या हातात हाय?"

बाहेर कुणीतरी मोटरसायकलला किक मारत होतं, ती लागत नव्हती. त्या रोमन माणसाचीही करंगळी अशीच दुखली असणार, म्हणून ती चीर. शाल्मलीनं नकाशा उलटा करून ठेवला.

तिनं पाय घट्ट धरला. डाव्या हाताचं बोट जोड्याच्या काठातून आत सारलं. चामडं आणि कातडी यांच्यामध्ये, जेवढं जाईल तेवढं. रापी घसरली तर आधी आपलं बोट. मग वरून टोक टेकवलं आणि श्वास धरला.

चामडं करकरलं.

एक गव्हाएवढं. थांबली. आणखी एक गव्हाएवढं. बोटाच्या नखावर पात्याचा थंडपणा आला. थांबली. रापी बाजूला वळवून शेवटचं तेवढं ओढलं.

चिरेतून करंगळीच्या हाडाचा उंचवटा हळूच वर आला, पांघरुणातून डोकं काढावं तसं.

तिनं बोट बाहेर काढलं. उजेडात धरलं. एका बाजूनं, मग दुसऱ्या. कोरडं होतं. चिरेत वाकून पाहिलं. कातडी अखंड. पुन्हा पाहिलं. मग तिनं श्वास सोडला.

चीर वाकडी आली होती. वर बारीक, खाली रुंद.

वस्ताद अजून भिंतीकडेच बघत होते.

फोन वाजला. सरदेसाई. तिनं ऐकून घेतलं, "बरं, बरं" म्हणाली आणि ठेवला.

"चौकात आलेत. दहा मिनिटांत पोचतील."

वस्तादांनी पाय तिच्या मांडीवरून उतरवला. उजवा जोडा ओढून घेतला.

"वस्ताद, हा जोड आता कागदाशी जुळत नाही."

"न्हाई जुळत."

"मी त्यांना काय दाखवू? तुमचा होकार आहे की नाही, तेवढं तरी सांगा."

वस्तादांनी उजव्याच्या वाद्या बांधल्या. भिंतीला धरून उठले. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. खिळे फरशीवर वाजले. पायरी उतरून ते गल्लीत गेले. डावं पाऊल उजव्याइतकंच भक्कम पडत होतं.

शाल्मली दारापर्यंत धावली.

"वस्ताद, ते येतायत. मी काय सांगू त्यांना?"

वस्ताद वळले नाहीत.

"सांग, जोड चालायला गेलाय."