निशिगंधाचं पाणी

फार फार वर्षांपूर्वी डोंगराच्या कुशीतल्या एका राज्यात येसू नावाची माळीण राहत असे. राजवाड्यातली फुलं तिच्या हाती होती. इतरांची फुलं दोन दिवसांत माना टाकत, येसूची आठ-आठ दिवस टिकत. फुलदाणीच्या पाण्यात ती थोडी खडीसाखर, लिंबाचा रस आणि चिमूटभर तुरटी घाली. रोज पाणी बदली आणि दांड्यांची टोकं पाण्याखाली धरून तिरपी कापी. ही रीत तिला आईनं शिकवली होती. तिनं ती कुणाला सांगितली नव्हती आणि कुणी विचारलीही नव्हती.

एकदा राजाची सहा वर्षांची लेक तापानं आजारी पडली. वैद्यांनी काढा सुरू केला, पण राजाचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यानं दरबारच्या ज्योतिष्याला बोलावलं. ज्योतिष्यानं निशिगंधाच्या पाच काड्या मंतरून दिल्या आणि मुलीच्या उशाशी ठेवायला सांगितल्या.

"ही फुलं ताजी आहेत तोवर राजकन्येला धोका नाही," तो म्हणाला. "कोमेजली, तर मात्र काही सांगता येत नाही."

राजानं फुलं येसूच्या हाती दिली. "जपून सांभाळ," एवढंच तो म्हणाला. फुलं सुकली तर दोष कुणाच्या माथी येणार, हे येसूला त्याच्या नजरेतूनच कळलं. तिनं आपलं नेहमीचं पाणी तयार केलं.

तिसऱ्या दिवशीही फुलं टवटवीत होती. वरच्या कळ्यासुद्धा उमलू लागल्या. राजा रोज सकाळी दारातूनच फुलांकडे बघे आणि समाधानानं परते. मुलगी कडू काढ्याला रडत होती, म्हणून राणीनं काढा बंद केला. "फुलं टवटवीत आहेत, आता गुण येतोय, वैद्यबुवा," असं म्हणून तिनं वैद्यांना मानानं त्यांच्या गावी पाठवलं.

चौथ्या दिवशी पाणी बदलताना येसूचा हात मुलीच्या हाताला लागला. तो तव्यासारखा तापला होता. येसूनं हळूच हाक मारली. मुलीनं डोळे उघडले, पण ओळख दिली नाही.

फुलं कशामुळं ताजी आहेत, हे साऱ्या वाड्यात येसूला एकटीलाच ठाऊक होतं. सांगावं, तर राजा म्हणेल, तू मला फसवलंस. न सांगावं, तर? त्याच्या पुढचा विचार ती करत नसे. 'उद्या ताप उतरेल,' असं मनाशी म्हणे. पाचवा दिवस गेला, सहावाही गेला. एकदा तिनं ठरवलं, साधंच पाणी घालावं. फुलं आपोआप सुकतील आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. पण फुलदाणी हातात घेतली, तशी भीतीनं तिनं खडीसाखर पुन्हा पाण्यात टाकली.

सातव्या दिवशी राजा दारात आला, तेव्हा येसू त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"महाराज, ही फुलं मंत्रानं ताजी नाहीत. माझ्या पाण्यानं आहेत. साखर, लिंबू आणि तुरटी. तुमच्या दिवाणखान्यातली फुलंही मी अशाच पाण्यात ठेवते."

"खोटं बोलते ही," राजाच्या मागून ज्योतिषी म्हणाला. "मंत्राचा गुण स्वतःच्या नावावर खपवते आहे."

"मी खोटी असेन," येसू म्हणाली. "पण महाराज, फुलांकडे नका बघू. एकदा लेकीच्या कपाळाला हात लावा."

राजा आत गेला. त्यानं हात लावला आणि तो तिथंच मटकन खाली बसला. पुढच्याच घटकेला स्वार वैद्यांच्या गावाकडे धावले.

वैद्य अकरा दिवस मुलीच्या उशाशी बसून होते. मुलगी वाचली. पण ताप फार दिवस अंगात मुरला होता. तिला ऐकू येईनासं झालं, ते कायमचंच.

राजानं येसूला शिक्षा केली नाही. त्यानं फक्त विचारलं, "तुला केव्हा कळलं होतं?"

"चौथ्या दिवशी," येसू खाली मान घालून म्हणाली.

"आणि मी सातही दिवस दारातच उभा होतो," राजा म्हणाला.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात असू द्या: भीतीपोटी लांबवलेलं सत्य उशिरा सांगितलं तरी उपयोगी पडतं, पण मधल्या दिवसांची भरपाई ते करू शकत नाही.