फाटकातला 'या'

श्रीरंग संकुलातल्या बागेला एके दिवशी कुलूप लागलं आणि किल्ल्या फक्त पुढच्या इमारतीत वाटल्या गेल्या.

संकुल सोलापुरातलं. जुनी चाळ पाडून तिथे दोन इमारती उभ्या राहिल्या होत्या. पुढच्या उंच इमारतीत बाहेरून आलेल्यांनी मोठे फ्लॅट घेतले, मागच्या बुटक्या इमारतीत चाळकऱ्यांना घरं मिळाली. बाग दोन्हींच्या मधोमध, दोन्हींसाठीच केलेली. पण सोसायटीचे अध्यक्ष नानासाहेब नाडगौडा यांना गर्दी सोसवत नसे. हिरवळ तुडवली जाते, झोपाळा कुरकुरतो, असं म्हणत त्यांनी मागच्यांचं येणं बंद करून टाकलं.

नानासाहेब तसे दुष्ट नव्हते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, हट्टी, पण बोलण्यात कमालीचे अदबशीर. रिक्षावाल्याशीही 'अहो' म्हणून बोलत. त्यांनी नकार दिला तरी तो इतका गोड असे की ऐकणारा आभार मानून घरी जाई आणि मग त्याच्या लक्षात येई की आपलं काम झालेलंच नाही.

मागच्या इमारतीत कस्तुराबाई म्हेत्रे राहत. घरी शेंगाचटणी कुटून विकत. त्यांच्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि रोज सपाट जागी चाला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाहेरच्या रस्त्यावर तर वाळूचे डंपर धावत. एका डंपरच्या हॉर्नला दचकून म्हातारी पडता पडता वाचली, तेव्हापासून ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेना. गुडघा आखडत चालला होता.

म्हणून सोसायटीच्या सभेत कस्तुराबाई उभ्या राहिल्या. बाग आम्हाला कधी उघडणार, एवढंच त्यांनी विचारलं.

नानासाहेब हसले. म्हणाले, "ज्या दिवशी मी स्वतः फाटकात उभा राहून तुमच्यापैकी कोणाला 'या' म्हणेन, त्या दिवसापासून बाग तुमचीही. नाडगौडांचा शब्द आहे."

सभेत हशा पिकला. मागच्या इमारतीनं मात्र तो शब्द उचलून धरला.

दुसऱ्याच दिवशी चाळकऱ्यांपैकी एक जण नवा शर्ट घालून, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन फाटकाशी आला. नानासाहेबांनी पेढा घेतला, मुलगा पास झाल्याबद्दल अभिनंदन केलं, पण 'या' काही म्हटलं नाही. मग रिक्षा चालवणारा बसू कोरे आला. नानासाहेब माळ्याला सांगत होते, "या गुलाबाला पाणी घाला." बसूनं लगेच टाळी वाजवली, साहेब 'या' म्हणाले म्हणून. तो 'या' गुलाबाचा आहे, तुमचा नव्हे, असं नानासाहेबांनी नम्रपणे समजावलं. पण त्या दिवसापासून ते 'ह्या गुलाबाला' म्हणू लागले.

सावधपणाची त्यांना अशी काही सवय लागली की खुद्द त्यांचे मेव्हणे विजापूरहून आले, तरी फाटकात नानासाहेब ओठ मिटून नुसते हात हलवत राहिले. मेव्हण्यांना वाटलं, दाढ दुखतेय. दोन दिवस राहून ते परत निघाले, तेव्हा नानासाहेब त्यांना फाटकापर्यंत पोचवायला आले. कस्तुराबाईंनी खिडकीतून पाहुण्यांचं येणंही पाहिलं होतं आणि जाणंही पाहिलं; येताना मिटलेले नानासाहेबांचे ओठ निरोप देताना मात्र हलले होते. त्या स्वतःशीच हसल्या आणि खलबत्ता बाजूला सारून उठल्या.

संध्याकाळी बाकं भरलेली असताना त्या फाटकाशी गेल्या. नानासाहेब आत उभे होते. त्यांनी ओठ घट्ट मिटून हात जोडले.

कस्तुराबाईंनी बागेचा विषयच काढला नाही. नानासाहेबांच्या पत्नी वत्सलाताईंनी चटणी सांगितली होती, ती त्यांनी फाटकावरून दिली. ताईंचा खोकला कसा आहे, विचारलं. नानासाहेबांनी काढ्याची सगळी कृती सांगितली. मग उन्हाळा, मग पाण्याचा टँकर. बोलता बोलता नानासाहेबांचे खांदे सैल पडले. ह्या बाई भांडायला आलेल्या नाहीत, हे पाहून त्यांना बरं वाटलं.

"बरं साहेब," कस्तुराबाई पदर सावरत म्हणाल्या, "सासूबाई एकट्याच आहेत. येते मी."

"हो, हो. या," नानासाहेब म्हणाले.

कस्तुराबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी कडीवर हात ठेवला. बाकांवरच्या माना फाटकाकडे वळल्या. काय झालं ते नानासाहेबांना कळायला थोडा वेळ लागला.

"अहो म्हेत्रेबाई, तो निरोपाचा होता. जाणाऱ्या माणसाला म्हटलेला."

"जाणाऱ्या माणसाला 'जा' म्हणायचं, साहेब."

"तसं कसं म्हणणार? कोणी निघालं तर आपण 'जा' म्हणतो का?"

"नाही म्हणत. त्या माणसानं पुन्हा यावं असं वाटतं, म्हणून 'या' म्हणतो. मग मी पुन्हा आले तर फाटक बंद कसं?" कस्तुराबाईंचा आवाज जराही चढला नाही. "आणि तसं वाटत नसेल, तर आत्ता सगळ्यांसमोर मला 'जा' म्हणा. मी जाते. परत विषय काढणार नाही."

नानासाहेबांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. चेहरा लाल झाला, पण एवढ्या वर्षांत ज्या जिभेनं कोणाला 'जा' म्हटलं नव्हतं, तिला ते एक अक्षर काही उचलेना. मागच्या बाकावर वत्सलाताईंनी पदर तोंडाला लावला, तरी हसू फुटलंच. ते ऐकून नानासाहेबही हसायला लागले. इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

त्यांनी स्वतः कुलूप काढलं आणि किल्लीसकट कस्तुराबाईंच्या हातात दिलं. चिंचेच्या सावलीतलं बाक आजपासून तुमच्या सासूबाईंचं, असंही सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मग फाटक सताड उघडून बाजूला झाले.

"जा, घेऊन या त्यांना," ते म्हणाले आणि जीभ चावली. "बघा, तुमच्यामुळे 'जा'सुद्धा म्हणून बसलो."