इंग्रिडने लाटलेले पापड

आमच्या समोरच्या इंदूवहिनींकडे त्यांच्या लेकीची मैत्रीण इंग्रिड नॉर्वेहून महिनाभर राहायला आली होती. मी मुद्दाम बघत नाही, पण दार उघडं असलं की दिसतंच. त्या दिवशी आम्ही बायका गच्चीवर उडदाचे पापड लाटत होतो, तर तीही हौसेने बसली.

तेवढ्यात मघाशी एकदा डोकावून गेलेले सोसायटीचे चेअरमन बोंद्रेसाहेब हातात अर्ज घेऊन पुन्हा वर आले. साहेब सरकारी कचेरीत हेडक्लार्क, कायदा कायम जिभेवर.

"वहिनी, ही टुरिस्ट व्हिसावर आलीय ना? मग परवान्याशिवाय काम कसं करते? हा अर्ज मी पोलिसांत देतोय. परत पाठवतील तिला."

"अहो, मी तिला पगार देते का?"

"मघापासून लाट्या खातेय की. तोच मोबदला."

इंग्रिडचा चेहरा पडला. वहिनी मात्र शांतपणे म्हणाल्या, "बरं साहेब. पण तिचे पापड जाड होतात, जरा एक लाटून दाखवता का?"

साहेबांना स्वतःच्या हाताचं भारी कौतुक. त्यांनी झकास पातळ पापड लाटला आणि वहिनींनी तेलात बुडवून दिलेली लाटी तोंडात टाकली.

"छान. आता तुम्हीही माझ्याकडे कामाला लागलात," वहिनी म्हणाल्या. "सरकारी नोकरीत असून दुसरी नोकरी धरलीत, त्याचा परवाना दाखवा."

"ही कसली नोकरी? शेजाऱ्यांना हातभार लावला," साहेब घाईघाईने म्हणाले.

"मग तेवढंच लिहा अर्जात."

साहेब अर्ज खिशात कोंबून जिना उतरले. वहिनींनी लाट्यांचं ताट इंग्रिडपुढे सरकवलं, आणि ऊन उतरायच्या आत आमचे तीन किलो पापड लाटून झाले.