गाळलेला शेजार

उंटांच्या पायवाटा हेच जेव्हा रस्ते होते, त्या फार जुन्या काळी एका राजाच्या मुलखात, वाळवंटाच्या कडेला दोन वस्त्या होत्या. एक यहुद्यांची, दुसरी अरबांची. मध्ये खजुराची बाग.

राजाने आपल्या पंडिताला सांगितले, "या दोन जमातींचं पूर्वापार नातं काय, ते अभ्यासून ग्रंथ लिहा."

पंडित मोठा व्यासंगी. त्याने दोन्ही भाषा शिकल्या, शिलालेख वाचले, म्हाताऱ्यांकडून जुनी गाणी ऐकली. यहुद्यांच्या मिल्का नावाच्या सुईणीकडे तो उतरला होता. तिथे त्याला ताप भरला, तेव्हा अरब वस्तीतला हारिस त्याच्यासाठी उंटिणीचे दूध आणून देई. हारिसच्या घरची सगळी बाळंतपणे मिल्काने केली होती. आई, घर, पाणी यांना दोघांच्याही भाषेत भावंडांसारखे दिसणारे शब्द होते.

पंडित हे पाहत होता. पण लिहायला बसला की त्याला वाटे, दूध आणि बाळंतपणे दरबारात कोण ऐकणार? शिलालेखांवर लढाया कोरलेल्या होत्या. त्याने लढायाच लिहिल्या आणि शेवटी म्हटले, 'हे लोक मुळापासूनचे वैरी आहेत.' दरबाराने माना डोलावल्या.

राजा भला होता. वैऱ्यांनी एकमेकांना इजा करू नये, म्हणून त्याने बागेतून उंच भिंत घातली आणि भिंतीतल्या दारावर पहारा बसवला.

पुढे पंडित पुन्हा त्या बाजूला गेला. हारिस अंगणात एकटाच बसला होता. त्याने पाहुण्यासाठी सावलीत घोंगडी टाकली. पंडिताने घरच्यांची खुशाली विचारली.

"बायको अडली होती," हारिस म्हणाला. "मी मिल्कामावशीला हाका मारल्या. ती पलीकडून ओ देत होती, दार ठोठावत होती. पहारेकरी म्हणाला, वैऱ्याला सोडायचा हुकूम नाही. बाळ गेलं. मग बायकोही गेली."

मग त्याने पंडिताकडे पाहिले. "पंडितजी, तुम्ही शिकलेले. आम्ही वैरी आहोत, हे राजाला कुणी सांगितलं असेल?"

पंडिताला घोंगडीवर बसवेना. तो उठला आणि तडक राजधानीला गेला.

भर दरबारात तो म्हणाला, "महाराज, मी लिहिलेल्या लढाया खऱ्या आहेत. पण त्यांचा शेजार मी डोळ्यांनी पाहिला आणि गाळला. मला तो क्षुल्लक वाटला."

राजाने भिंत पाडली. मिल्का पुन्हा अरबांच्या घरी जाऊ लागली, पण हारिसच्या घरी आता तिचे काम उरले नव्हते.

पंडित हारिसकडे गेला आणि खाली मान घालून म्हणाला, "राजाला ते मी सांगितलं होतं."

हारिसने ऐकून घेतले. तो रागावला नाही, रडलाही नाही. उठून आत गेला आणि त्याने दार लावून घेतले. पंडित कितीतरी वेळ उन्हात उभा होता. त्या घराने त्याला पुन्हा कधी 'या' म्हटले नाही.

तात्पर्य: शेजाऱ्यांची भांडणे तेवढी सांगून त्यांचा शेजार गाळणारा, खरे बोलूनही खोटेच सांगतो.