चिंचेपासून सरळ वर

"...आणि निंदा करणाऱ्याशी कसं वागावं, बुवा?"

निशिकांतनं विचारलं आणि उत्तरासाठी ताठ बसला.

रेवणबुवा सूप मांडीवर घेऊन वाल निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "कुणी केली निंदा?"

"एका बाईनं."

"तुझी?"

"माझ्या लेखाची."

"मग तुझी कुठं झाली?"

निशिकांतला हे उत्तर काही रुचलं नाही. पुण्यात त्याला मोठ्या हुद्द्याची नोकरी होती, हाताखाली माणसं होती. दर महिन्याला तो सिदोबाच्या डोंगरावर या मठात यायचा. मठाची वेबसाइट त्यानंच केलेली. तिच्यावर 'मठात कसे यावे' हा लेखही त्यानंच लिहिलेला.

लेख देखणा होता, त्यात वाद नाही. पहाटेचं धुकं होतं, करवंदाच्या जाळ्या होत्या, घंटेचा नाद होता. लिहून झाल्यावर त्यानं तो बुवांना वाचून दाखवला. बुवांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, "छान झालाय." तेव्हापासून या गृहस्थाला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

"काय म्हणते बाई?" बुवांनी विचारलं.

मठात रेंज नाही. पण निशिकांतला ती कमेंट तोंडपाठ होती. लागलेलं बोलणं माणसाच्या बरोबर लक्षात राहतं.

"'चिंचेपाशी वाट चुकते, ते तुम्ही लिहिलेलं नाही. आम्ही भर उन्हात दगडाच्या खाणीवर जाऊन पोचलो. जवळचं पाणी संपलं. सासऱ्यांना भोवळ आली. दर्शन न घेताच परतलो. कृपा करून लेख सुधारा.'"

"एवढंच?"

"एवढंच म्हणजे काय, बुवा! इतक्या लोकांनी कौतुक केलंय. अमेरिकेतून एकानं लिहिलं, लेख वाचता वाचता मी मठात पोचलो."

"तो पोचला. बरं झालं." बुवांनी एक किडका दाणा बाजूला टाकला. "बाईला तू काय उत्तर दिलंस?"

"लिहिलं की, ज्याला ओढ असते त्याला वाट सापडते. आणि स्वतः बुवांनी हा लेख ऐकून छान म्हटलंय."

बुवांचे हात थांबले.

"मग?"

"मग तिची कमेंट लपवून टाकली. उगाच इतरांच्या नजरेला कशाला..."

बुवांनी आता मान वर केली.

"सासरे कसे आहेत?"

"कुणाचे?"

"बाईचे."

"ते... मी विचारलं नाही."

बुवांनी सूप खाली ठेवलं. अंगावरचा भुसा झटकला, खुंटीवरची शाल डोक्याला गुंडाळली आणि वहाणा पायात सरकवल्या.

"पौर्णिमेला उत्सव आहे," ते म्हणाले. "यंदा पुष्कळ माणसं तुझा लेख वाचून येणार ना?"

"हो तर! म्हाताऱ्याकोताऱ्यांना घेऊन येणारेत."

"चल मग खाली."

...

दोघं पायवाटेनं डोंगर उतरून रस्त्यावरच्या फाट्यावर आले. एसटी इथंच थांबते. बुवांनी डोंगराकडे तोंड केलं आणि रस्त्याकडेला उभे राहिले.

"मला मठात जायचंय. मी नवीन आहे. वाट सांगा."

याच डोंगरावर बुवांची उभी हयात गेली. अमावास्येला कंदील न घेता ते वर-खाली करतात. निशिकांतला हसू आलं.

"तुम्हाला मी काय वाट सांगणार?"

"लेख वाच."

निशिकांतनं फोन काढला. इथं रेंज होती. तो जरा सूर लावूनच वाचायला लागला.

"'फाट्यावर उतरताच समोर डोंगराची निळी कड दिसते.'"

"दिसली."

"'मनातली धावपळ तिथेच ठेवावी आणि चालू लागावे.'"

"ठेवली. कुठल्या बाजूला चालू?"

निशिकांत थबकला. लेखात बाजू नव्हती. त्यानं हातानं दाखवलं. बुवांनी तो हात हलकेच खाली केला.

"हात लेखात नाही."

आणि ते ओढ्याच्या दिशेनं निघाले, कारण लेखात पुढं 'ओढा ओलांडून चिंचेपाशी यावे' असं होतं. चिंच आली. जुनी, ऐसपैस, लांबून दिसणारी.

"'चिंचेपासून सरळ वर. घंटेचा नाद तुम्हाला बोलावत असतो.'"

बुवांनी कानामागं हात धरून कानोसा घेतला. घंटा आरतीला वाजते. आरतीला अजून अवकाश होता.

चिंचेपाशी दोन वाटा फुटतात. उजवीकडची अरुंद, करवंदाच्या जाळीत शिरणारी. ती मठाची. डावीकडची रुंद, कधीकाळी तिच्यावरून खाणीचे ट्रॅक्टर गेलेले. दिसायला सरळ तीच. बुवा तिच्यावर चालू लागले.

"बुवा, उजवीकडे!"

"लिहिलंय?"

"नाही, पण..."

बुवा चालत राहिले.

"बुवा, ऊन किती आहे! तुम्हाला माहीत आहे हो वाट!"

"मी नवीन आहे, बाबा," बुवा म्हणाले आणि मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

चैत्रातलं ऊन. वाटेत झाड नाही. पाण्याची बाटली घ्यायचं दोघांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं. म्हातारा माणूस पुढं आणि धडधाकट मागं, असे दोघं चढत होते. बुवांना काही झालं तर, हा एकच विचार निशिकांतच्या डोक्यात फिरत होता.

...

बंद पडलेल्या खाणीच्या काठावर तिघंजण होते. एक नवरा, एक बायको आणि डोक्यावर पदर ओढून दगडावर बसलेली म्हातारी. बायकोच्या हातात फोन होता.

"बाबा, मठ कुठं आला ओ?" तिनं बुवांना विचारलं.

"मीपण तिकडंच निघालोय," बुवा म्हणाले. "ह्याच्या फोनमध्ये लिहिलंय त्याबरहुकूम आलो."

"आमीबी!" ती म्हणाली. "रेंज जाईल म्हणून मी त्याचा फोटोच काढून ठिवला हुता. चिंचंजवळ ह्यांना म्हणालेबी, उजव्या हाताला एक वाट दिसतीया. तर म्हणत्यात, सरळ लिवलंय, सरळ चल."

"मग? लिवलंय तसं जायचं का नाही?" नवरा तापलेलाच होता. त्याचं नाव धनाजी. जयसिंगपूरहून पहाटे निघालेली ही मंडळी. आईनं नवस बोलला होता, म्हणून तिला घेऊन आलेली. "लिवणाऱ्यानं धुकं लिवलंय, करवंदं लिवल्यात. दोन वाटा हाईत तेवढं मातुर लिवलं न्हाई. कोण शाणा हाय कुणास ठाऊक!"

"त्याला एकडाव हितं आणून बसवा की उनात," म्हातारी म्हणाली.

बुवा इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हातारीनं पिशवीतून बाटली काढली. तळाशी थोडं पाणी उरलेलं होतं. तेच तिनं पुढं केलं.

बुवांनी दोन घोट घेतले आणि बाटली निशिकांतकडे दिली.

"घे. तूपण घे."

निशिकांतनं बाटली तोंडाला लावली. तळाशी घोटभरच उरलं होतं, ते तसंच राहू दिलं. त्यानं बाटली परत दिली.

"तो लेख... मी लिहिलाय," तो म्हणाला.

धनाजी बायकोकडे बघायला लागला, बायको फोनकडे. म्हातारीनं मात्र त्याला खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळलं. मग दगडावर जरा सरकून तिनं जागा केली.

"बस मग," ती म्हणाली.

तो बसला. दगड चांगलाच तापला होता.

...

थोड्या वेळानं निशिकांत उठला. "चला, मी नेतो तुम्हाला. मला माहीत आहे वाट."

"तू नाही," बुवा म्हणाले. "ही मंडळी पुढं चालतील. आपण मागं. आणि तू बोलायचं नाहीस."

"पण ते चुकले तर?"

"जिथं अडतील तिथं एक दगड ठेव. फारच भलतीकडं निघाले तर मी खोकेन."

अशी ती वरात निघाली. पुढं वैजयंता, म्हणजे धनाजीची बायको, फोनमधला फोटो बघत. मागं धनाजी आईचा हात धरून. सगळ्यात मागं बुवा आणि ओठ घट्ट मिटलेला निशिकांत.

आल्या वाटेनं परत चिंचेपाशी आल्यावर वैजयंता थांबली. निशिकांतनं दगड ठेवला. पडक्या बांधापाशी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, बांध ओलांडायचा की कडेनं जायचं ते कळेना. दुसरा दगड. करवंदाच्या जाळीत वाट वाकून जाते, तिथं ती मागंच फिरली आणि बुवांना खोकावं लागलं. तिथंही दगड. निशिकांतचं तोंड प्रत्येक वेळी उघडे आणि मिटे. आपण इतक्यांदा इथून गेलो, पण इथं कुणाचा पाय अडेल हे आपल्याला कधी दिसलंच नाही, याची त्याला मनापासून लाज वाटली.

मग एका सपाटीवर म्हातारी थांबली. तिथं वाट एकच होती. निशिकांतला राहवलं नाही.

"आजी, इथं कुठं वाट चुकते?"

"वाट न्हाई रं, लेकरा. गुडघं चुकत्यात."

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं वाकून तिथंही दगड ठेवला. चांगला मोठा, बसता येईल असा.

...

मठात पोचल्यावर गार पाणी झालं, पिठलं-भाकरी झाली. वाढणाऱ्यानं "बुवा" अशी हाक मारली तेव्हा हे बाबा कोण ते वैजयंताला समजलं. ती कानकोंडी होऊन पाया पडायला उठली. त्याआधीच बुवांनी तिघांना हात जोडले होते.

या माणसाचं मला जे कौतुक आहे ते इथंच आहे. आपला 'छान' हा शब्द कुणाच्या अंगावर धोंड्यासारखा पडला, हे कळल्यावर त्यांनी कुणाला उपदेश केला नाही. ते उठले आणि उन्हातून चालत गेले.

निशिकांत मात्र जेवायला बसला नाही. मठामागच्या कातळावर चढलं की फोनला जेमतेम रेंज येते. तो तिथं जाऊन बसला. आधी त्यानं बाईची कमेंट पुन्हा सगळ्यांना दिसेल अशी केली. आपलं उत्तर पुसलं. त्या जागी लिहिलं, 'ताई, तुमचं बरोबर आहे. चूक माझी. सासऱ्यांची तब्येत कशी आहे?'

मग लेख उघडला. धुकं गेलं. निळी कड गेली. करवंदाची जाळी राहिली, कारण ती खूण होती. चिंच आली, उजवा हात आला, बांध आला, पाण्याची बाटली आली. 'इथे बसायला मोठा दगड आहे' हे वाक्यही आलं. एकेक वाक्य लिहिताना त्याला पुढं वैजयंता दिसत होती, कमरेवर हात ठेवून उभी.

दिवेलागणीच्या आधी बाईचं उत्तर आलं. 'आता बरे आहेत. पौर्णिमेला परत यायचं म्हणतायत. येऊ ना?'

निशिकांतनं ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्याचे डोळे भरून आले. 'या' एवढंच त्यानं लिहिलं.

तो खाली आला. बुवा ओसरीवर होते, सकाळचे वाल मांडीवर.

"बुवा, बाईचे सासरे बरे आहेत."

बुवांनी डोळे मिटले, उघडले, आणि मान हलवली.

निशिकांत त्यांच्यासमोर बसला. सकाळसारखा ताठ नाही, जरा पोक काढून.

"लेख सगळा नव्यानं लिहिलाय. मागच्या वेळी तुम्ही छान म्हणालात आणि मी हुरळलो. आता तरी नीट झालाय का... वाचून दाखवू?"

बुवांनी एक दाणा उजेडात धरून पाहिला आणि सुपात टाकला.

"मला नको," ते म्हणाले. "मला वाट पाठ आहे."