माईक की भाषण?

हेमांगी कोलते इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला होती आणि तिला सोबत मराठीत बी.ए.ही करायचं होतं. विद्यापीठाने दोन्ही पदव्या एकत्र घ्यायची सोय केली होती. घोडं अडलं होतं ते अधिष्ठाता भडकमकरांच्या सहीपाशी. मोठ्या माणसांना सही करायचा कंटाळा येतो, सल्ला द्यायचा कधीच येत नाही.

"एक ना धड, भाराभर चिंध्या!" ते गरजले. "वीज की साहित्य, उद्या संमेलनात सगळ्यांसमोर सांग. एकच! नाहीतर अर्ज केराच्या टोपलीत."

दुसऱ्या दिवशी सभागृह खचाखच भरलं. भडकमकर बोलायला उठले आणि नेमका माईक बंद पडला. हेमांगीने धावत जाऊन सुटलेली तार जोडली. साहेबांचं भाषणही मराठी विभागाने तिच्याकडूनच लिहून घेतलं होतं. आता तिच्या एका हातात सुरू झालेला माईक होता, दुसऱ्या हातात भाषणाचे कागद.

"काय गं, ठरलं का? काय निवडलंस?" भडकमकरांनी मिशीत हसत विचारलं.

"सांगते ना सर. आधी तुम्ही निवडा. माईक देऊ की भाषण? एकच मिळेल."

"अगं, वेडी का तू? कागदाशिवाय बोलू काय? आणि माईकशिवाय ऐकणार कोण? दोन्ही दे!"

माईकने त्यांचा शब्द न् शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचवला.

"मी तरी दुसरं काय मागतेय, सर?"

सभागृह टाळ्या-शिट्ट्यांनी दणाणलं. भडकमकरांनी कागद हातात घेतले. सगळ्यात वर तिचा अर्ज होता, पेन खोचलेला.